पणजीच्या ओरेम खाडीकाठचं जुनं घर: घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

पणजीत पाण्याकाठचं जुनं घर विक्रीला निघालं की जाहिरातीत पिवळ्या नाहीतर निळ्या भिंतीचा फोटो असतो, लोखंडी कठड्याचा सज्जा असतो आणि 'हेरिटेज' हा शब्द असतो. घराची खरी किंमत मात्र फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टींवर ठरते. एक, जोत्यापासून वरची दीड मीटर भिंत. दुसरी, वारसांची यादी. या दोन्ही धड असतील तर गळकं छप्पर, वाळवीने खाल्लेला जिना, मोडक्या खिडक्या हे सगळं दुरुस्त होतं. यांतली एक जरी बिघडलेली असेल, तर वरचा सुंदर रंग काही कामाचा नाही.

म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फोन्ताइन्हास या जुन्या वस्तीतलं किंवा खाडीलगतच्या रुआ द ओरेम या रस्त्यावरचं चुन्याच्या गिलाव्याचं, वारसहक्क निकाली निघालेलं घर राहण्यासाठी गोव्यातल्या उत्तम घरांत मोडतं. तसं घर उघडंबागडं, रंग उडालेलं, शेवाळ धरलेलं मिळालं तरी घ्यावं. विकण्यापूर्वी सिमेंटने लिंपून चकचकीत केलेलं घर, कितीही देखणं असलं तरी, किमतीत मोठी सूट मिळाल्याशिवाय घेऊ नये.

पाणीकाठ म्हणजे नेमका कुठला

पणजीत पाण्याकाठची जुनी घरं तीन पट्ट्यांत विभागलेली आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. कांपालची घरं मांडवीच्या बाजूची, मोठ्या आवाराची, झाडांची. तिथे हवा खेळती असते, गाडी लावायला जागा असते आणि चारही भिंती स्वतःच्या असतात. रायबंदर हे जुन्या गोव्याच्या रस्त्यावरचं. पणजीहून तिथे जाणारा पोंते द लिन्यारिश हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध १६३३-३४ मध्ये घातलेला आहे. तिथल्या कित्येक घरांची मागची बाजू थेट नदीकडे उघडते. दृश्य अप्रतिम, पण दाराशी रहदारी आणि मागच्या भिंतीवर खारं वारं.

तिसरा पट्टा ओरेम खाडीचा, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचं आहे, कारण बाहेरगावच्या गिऱ्हाइकांची पहिली नजर तिथेच जाते. अल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी फोन्ताइन्हास, मग रुआ द ओरेमवरची घरांची ओळ, तिच्यापुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे खाडी. पलीकडच्या काठावर पाटो. घरं एकमेकांना चिकटून आहेत. बहुतेक दुमजली. तळमजला पूर्वी सामानसुमान, कोठार, दुकान यांसाठी असे आणि राहणं वरच्या मजल्यावर, जिथे रस्त्याकडे तोंड करून साल म्हणजे दिवाणखाना. ही मांडणी समजून घेतली तर पुढचं बरंच उलगडतं. तळमजला ओला होणार हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी माणसं वर ठेवली. आज त्याच तळमजल्यात शयनगृह, फॉल्स सीलिंग आणि वातानुकूलन यंत्र बसवून घर 'चार बेडरूमचं' म्हणून विकलं जातं. त्या खोल्या आम्ही राहण्याच्या खोल्यांत धरत नाही. तुम्हीही धरू नका आणि भाव करताना तसं स्पष्ट सांगा.

पणजीचा बराच भाग दलदल भरून उभा राहिला. १८२७ ते १८३५ या काळातले व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू यांच्या कारकिर्दीत शहराला आकार आला आणि १८४३ मध्ये ते अधिकृतपणे राजधानी झालं. फोन्ताइन्हासचं नाव तर टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरूनच पडलंय. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मागून टेकडीचं गोडं पाणी जमिनीखालून उतरतं आणि पुढून खाडीचं खारं पाणी आत येतं. घर या दोन्ही पाण्यांच्या मध्ये उभं असतं.

भिंत: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीच्या नाहीतर चुन्याच्या सांध्याच्या, वरून चुन्याचा गिलावा. जाडी अर्धा मीटर सहज भरते. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं, गिलाव्यातून बाहेर पडतं आणि वाळतं. चुन्याच्या गिलाव्याचं कामच ते आहे: ओल बाहेर सोडणं आणि दर काही वर्षांनी स्वतः झिजणं.

बिघाड होतो तो असा. नोव्हेंबर ते मे पाऊस जवळपास नसतो, मांडवीत वरून येणारं गोडं पाणी कमी होतं आणि खाडी खारट होते. तेच पाणी भिंतीत चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि गिलाव्याच्या पृष्ठभागालगत त्याचे स्फटिक होतात. स्फटिक फुगताना गिलावा भुगा होऊन गळतो. यालाच लोणा लागणं म्हणतात. पुढे पावसाळ्यात उलटा प्रकार. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की साध्या मिठाला पाणी सुटतं, आणि पणजीत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे छप्पर गळत नसलं, नळ फुटलेला नसला, तरी मीठ मुरलेली भिंत ओली दिसते. इथे अनेक जण गळती शोधण्यात पैसे घालवतात. कारण छपरात नसून भिंतीतल्या मिठात असतं.

आता यावर सिमेंटचा गिलावा थापला की काय होतं? ओल बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढतं आणि सिमेंट जिथे संपतं तिथून, म्हणजे गुडघ्याऐवजी खांद्याच्या उंचीवरून, फुटून बाहेर येतं. आतला मातीचा सांधा कायम ओला राहून मऊ पडतो. तुळयांची टोकं ज्या भागात रुतलेली असतात तिथवर ओल पोचली की लाकूड कुजायला लागतं. वरून प्लास्टिक इमल्शन रंग दिलेला असेल तर वर्ष-दोन वर्षं काही दिसत नाही आणि नेमक्या त्याच काळात घर विकलं जातं.

तपासणीला खास यंत्र लागत नाही. किल्लीच्या टोकाने कोपऱ्यातला, कपाटामागचा गिलावा खरवडा. चुन्याचा असेल तर पांढरट, मऊ भुगा पडतो. सिमेंटचा असेल तर करडा, कठीण, किल्ली सरकवणारा. मग बोटाच्या पेऱ्याने खालून वर ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. तळमजल्याच्या सगळ्या भिंतींवर ओलीची वरची रेघ शोधा आणि तिची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. एक मीटरपर्यंत असेल तर नेहमीचं, दीड मीटरच्या वर असेल तर सिमेंटचा संशय घ्या, आणि दोन मीटरच्या वर असेल तर तुळयांची टोकं उघडून दाखवल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. दोन टोच्यांचं ओलमापक यंत्र घेऊन कुणी आलं तर त्याच्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. मिठामुळे वीज जास्त वाहते आणि यंत्र भिंत आहे त्याहून ओली दाखवतं.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. सगळं सिमेंट ओलीच्या रेघेच्या वर अर्धा मीटरपर्यंत काढायचं. सांधे खरवडून मीठ कोरड्या ब्रशने झाडायचं, पाण्याने धुवायचं नाही, कारण मीठ विरघळून परत आत जातं. झाडलेला भुगा तिथेच पडू न देता गोणीत भरून घराबाहेर न्यायचा. भिंत निदान एक कोरडा हंगाम उघडी ठेवायची. मग मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली नदीची वाळू तीन भाग, असे दहा-बारा मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर नीट आवळल्यावर पुढचा. खाडीची वाळू अजिबात नको, मीठ तीच परत आणते. वरून पातळ कालवलेल्या चुन्याचे तीन ते पाच हात. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच करायचं. पहिला गिलावा मीठ शोषून काही वर्षांत खराब होईल, हे धरून चालायचं. तो खराब होतो म्हणजे त्याचं काम करतो, आणि दुसऱ्या खेपेचा बराच जास्त टिकतो. भोकं पाडून रसायन भरणारा 'ओलरोधक' उपाय जांभ्याच्या पोकळ, मातीच्या सांध्याच्या भिंतीत भरवशाचा नाही. रसायन पोकळ्यांत निघून जातं आणि सलग पडदा तयार होत नाही.

जमिनीबाबतही हेच. तळमजल्यावर काँक्रीट ओतून व्हिट्रिफाइड फरशी बसवलेली दिसली तर समजा की जमिनीतून बाहेर पडणारी ओल आता सगळी भिंतींकडे वळलेली आहे. जुन्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्या शिल्लक असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. साध्या पाण्याने पुसा. त्यांना ॲसिड लावलं की रंगाचा थर जातो आणि परत आणता येत नाही.

भेगा बघताना दिशा महत्त्वाची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, खाडीच्या बाजूला रुंद होत जाणारी भेग म्हणजे पुढचा पाया खचतोय. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा, तिच्यावर तारीख टाका. पावसाळाभर पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी आणि थांबलेली आहे. तुटली तर बांधकाम अभियंता आधी, वकील नंतर.

छप्पर आणि लाकूड

मंगळुरी कौलांचा हिशेब सोपा आहे: दर चौरस मीटरला साधारण १५ कौलं. २०० चौरस मीटर छपराला ३,००० लागतील, वर दहा टक्के जादा ठेवा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, म्हणून कौल उलटं करून पाठीवरची छाप बघा आणि त्याच छापेची जुनी कौलं मोडलेल्या घरांतून मिळवा. मिसळलेल्या छपरात वारं पाणी आत ढकलतं. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे मे महिन्यात शाकारणी म्हणजे कौलं उतरवून, साफ करून, पुन्हा बसवणं, हे दरवर्षीचं काम आहे. विक्रेत्याला विचारा, शेवटची शाकारणी कधी झाली आणि कुणी केली. कारागिराचं नाव चटकन सांगता आलं तर घराची देखभाल झाली आहे असं समजायला हरकत नाही.

चिकटून असलेल्या घरांत सगळ्यात घातक जागा म्हणजे दोन छपरांमधली पन्हळ. ती कुणाची, साफ कोण करतं, सामाईक भिंत कुणाच्या मालकीची, हे कागदावर नसतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. खरेदीपूर्वी शेजाऱ्यांशी बोलून पन्हळीबद्दल लेखी समजूत करून घ्या.

लाकूड बहुधा सागवान, फणस किंवा माट्टीचं. आढ्यापेक्षा तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं तपासा, कारण कुजतात ती तिथे. स्क्रू-ड्रायव्हर भिंतीलगत दाबा. टोक सहज सेंटिमीटरभर आत गेलं तर लाकूड गेलं. सगळी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेला भाग कापून नव्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडतात, किंवा टोकाला पोलादी बूट देतात. टोकाभोवती बोटभर हवा खेळेल एवढी फट ठेवायची, ती परत सिमेंटने बुजवायची नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या जिन्याच्या खाली, दाराच्या चौकटीमागे आणि लाकडी पाटणीच्या वर शोधा. नळी मोडून दोन दिवसांनी परत बघा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे.

शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या शिल्लक असतील तर घराच्या किमतीत त्यांचा वेगळा विचार करायला हवा. अर्धपारदर्शक, तळहाताएवढे शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले असतात. दुपारच्या उन्हात खोलीत जो दुधट, शांत उजेड पडतो तो दुधी काचेतून मिळत नाही. हा शिंपला देणारं कालव आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे नवे शिंपले काढून आणणं शक्य नाही. मोडक्या खिडकीतले धड शिंपले जपून ठेवा, एका खिडकीसाठी दुसरी वापरावी लागते. काम चालू असताना या खिडक्या सगळ्यात आधी उतरवून उभ्या, कोरड्या जागी ठेवा. गवंड्यांच्या पराती त्यांच्यावरच टेकवल्या जातात.

वीज आणि मलनिस्सारण थोडक्यात. लाकडी पट्टीतली जुनी तारजोडणी असेल तर सगळी बदला, दुरुस्ती करत बसू नका. अर्थिंग नव्याने करा, ३० मिलिअँपियरचं वीजगळतीरोधक स्विच बसवा. सांडपाण्याच्या जोडणीला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह आहे का बघा, कारण भरतीला आणि मुसळधार पावसाला तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येण्याचा धोका असतो.

पाणी कधी चढतं

घर एकदा एप्रिल-मेमध्ये बघा, मिठासाठी. दुसऱ्यांदा जुलैमध्ये, अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, भरतीच्या वेळी, पाऊस चालू असताना. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटरचा असतो. पावसाचं पाणी गटारांतून खाडीत जायला बघतं, खाडी भरलेली असली की ते रस्त्यावरच थांबतं. रस्ता दर डांबरीकरणाला उंचावत गेला आणि घराचं जोतं होतं तिथेच राहिलं. उंबऱ्याची रस्त्यापासूनची उंची मोजा. दोन पायऱ्या चढून आत जावं लागत असेल तर ठीक. रस्ता आणि उंबरा एका पातळीत आले असतील तर दरवर्षी दारात फळ्या लावायची तयारी ठेवा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी त्याच्या आत कुठवर आलं होतं. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

कागद

इथे महाराष्ट्रातून जाणारे लोक सगळ्यात जास्त चुकतात. सातबारा आणि फेरफाराच्या सवयीने ते एक उतारा बघतात आणि समाधान मानतात. गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आहे. त्यात विवाहानंतर मालमत्ता पती-पत्नीची समाईक धरली जाते, वेगळा करार केलेला नसेल तर. अर्धा हिस्सा जोडीदाराचा. उरलेल्यातलाही निम्मा भाग मुलांना कायद्याने राखीव, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. म्हणून घर ज्याच्या नावावर आहे त्याची सही पुरत नाही, त्याच्या जोडीदाराची लागते. मालक वारला असेल तर प्रत्येक वारसाची आणि प्रत्येक विवाहित वारसाच्या जोडीदाराची. तीन पिढ्यांत हिस्सा न वाटलेल्या घराला वीस-पंचवीस सह्या सहज लागतात, आणि त्यांतले काही जण लिस्बनला, लंडनला, नैरोबीला.

सगळ्या वारसांचं एकमत असेल तर विशेष नोटरीपुढचा वारसा दस्त होतो. नसेल, किंवा वाटणी व्हायची असेल, तर 'गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२' खाली न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची कार्यवाही, चालवावी लागते. ती पूर्ण झालेली असावी, चालू असलेली नव्हे. 'इन्व्हेंटरी दाखल केली आहे, तुम्ही विसार द्या' असं सांगितलं जातं. देऊ नका.

मागायचे कागद असे: शहर सर्वेक्षणाचा नमुना डी, पी. टी. शीट (नकाशाचा) क्रमांक आणि चलता (त्या शीटमधल्या मालमत्तेचा) क्रमांक यांसह. जुन्या जमीन नोंदणी कार्यालयातले मालमत्तेचं वर्णन आणि मालकीची नोंद, असे दोन्ही दाखले. महसुली मात्रीझचा, म्हणजे जुन्या करनोंदवहीचा दाखला. मूळ खरेदीपत्र, पोर्तुगीज असेल तर प्रमाणित भाषांतरासह. बोजा नसल्याचा दाखला. घरपट्टी, वीज, पाणी यांच्या पावत्या. वर्णनाच्या दाखल्यातल्या चतुःसीमा वाचून त्या शहर सर्वेक्षणाच्या नकाशावर बसतात का हे भूमापकाकडून जागेवर तपासून घ्या. जुन्या पोर्तुगीज कागदांत सीमा शेजाऱ्यांच्या नावांनी दिलेल्या असतात, त्यामुळे शेजारघरांचेही जुने मालक शोधावे लागतात.

मूळ कागद खरा आहे का, हा प्रश्न शिष्टाचार म्हणून सोडू नका. बनावट पोर्तुगीज दस्त आणि खोटे वारस उभे करून मालमत्ता लाटण्याची प्रकरणं इतकी वाढली की २०२२ मध्ये गोवा सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला. या टोळ्यांचं लक्ष मालक परदेशी असलेल्या, बंद घरांवर असतं, म्हणजे नेमक्या तुम्ही बघत असलेल्या घरांवर. दस्ताची प्रमाणित प्रत तुमच्या वकिलाने स्वतः काढावी, दलालाने आणून दिलेली चालवू नये. कुटुंब १९६१ नंतर पोर्तुगालला गेलं असेल तर १९६४ च्या निर्वासित मालमत्ता कायद्याखाली घर कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मालमत्तेच्या सरकारी ताबेदाराकडे, गेलं आहे का, हेही विचारा.

परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र ॲपॉस्टिल केलेलं, म्हणजे दस्त खरा असल्याची त्या देशाच्या सरकारची मोहोर असलेलं, किंवा तिथल्या भारतीय दूतावासाने प्रमाणित केलेलं हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागलेला हवा. त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का, आणि पत्र देणारा हयात आहे का, हे विक्रीच्या आठवड्यात पुन्हा तपासा. देणारा वारला की पत्रही संपतं. विक्रेता भारतात राहणारा असेल आणि व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर एक टक्का कर तुम्हाला कापून भरावा लागतो. अनिवासी असेल तर कपात याहून पुष्कळ जास्त असते आणि ती चुकली तर जबाबदारी तुमच्यावर येते. विक्रेत्याला आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणायला सांगा, त्यात वेळ जातो, म्हणून करारातच मुदत धरा.

तळमजल्यावर भाडेकरू असेल तर १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा, आवारात जुना मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारा, असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा. दोन्ही त्यांना भक्कम संरक्षण देतात. 'तो जाईल' या तोंडी शब्दावर घर घेऊ नका. दुकान चालवणाऱ्या कुटुंबासह घर घेऊन त्यांच्याशी नीट करार करणं हा अनेकदा जास्त चांगला मार्ग असतो. तळमजला उघडा, वापरात आणि हवेशीर राहतो.

काय बदलता येईल

फोन्ताइन्हास संवर्धन क्षेत्रात आहे. दर्शनी भाग, छपराचा आकार, उंची यांना हात लावायचा असेल तर नगरनियोजनाच्या संवर्धन समितीकडे जावं लागतं, शिवाय महापालिकेचा परवाना. जादा मजला मिळेल या आशेवर लावलेला भाव मान्य करू नका. खाडीमुळे किनारी नियमन क्षेत्राचाही प्रश्न येतो. २०११ च्या अधिसूचनेत भरतीच्या पाण्यालगत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते, असा पट्टा धरलेला आहे. रुआ द ओरेमची घरं रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला आहेत, ही जमेची बाजू, पण घर मंजूर बांधकाम म्हणून नोंदलेलं आहे का आणि तुमचं काम दुरुस्ती धरलं जाईल की पुनर्बांधणी, हे किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी घ्या.

रंग मात्र बदलता येतो आणि बदलावाच. पावसाळ्यानंतर घरं रंगवायची चाल पोर्तुगीज काळापासून आहे, पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे. तांबडी काव, पिवळी माती, निळा, हे रंग चुन्यात कालवून दिले तर भिंत श्वास घेते आणि छटाही तीच मिळते जी इमल्शनमध्ये कधी साधत नाही.

घरात पाहुणे उतरवायचे असतील तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा. वापर बदलला की वीजदर आणि घरपट्टी बदलते, ते हिशेबात धरा. आणि इथे अजून कुटुंबं राहतात, म्हातारी माणसं दुपारी झोपतात. फोटो काढायला आलेल्यांच्या गर्दीने ती आधीच त्रासलेली आहेत. आणखी एक गजबजलेली हॉटेलवजा इमारत या ओळीत नको, असं आमचं ठाम मत आहे.

कुणासाठी

सुट्टीपुरतं येऊन आठ महिने कुलूप लावायचं असेल तर हे घर घेऊ नका. बंद घरात जूनमध्ये बुरशी, जुलैमध्ये वाळवी आणि ऑगस्टमध्ये सरकलेल्या एका कौलातून कुजलेली तुळई. कांपाल किंवा रायबंदरचं घर असलं तरी हेच. वर्षभर राहणारं कुणीतरी हवं, निदान रोज खिडक्या उघडणारं.

पणजीत राहून काम करणाऱ्यांनी, गाडी दूर लावून चालत येण्याची तयारी असणाऱ्यांनी, ज्यांना कारागिरांबरोबर दोन कोरडे हंगाम घालवायचे आहेत त्यांनी अवश्य बघावं. त्यांनीही आधी त्याच ओळीतलं एखादं घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्यावं, आणि करार मे महिन्यात सुरू करावा, म्हणजे पावसाळा त्यात पुरा येतो. तेवढ्या वेळात वकिलाची कागदांची तपासणी संपते, काचेच्या पट्ट्या आपलं उत्तर देतात आणि शाकारणी करणारा माणूसही ओळखीचा होतो.